आतला कोड दाखवणारी कळ

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. जालना जिल्ह्यातल्या आष्टीत एखाद्या घरी किंवा शाळेत नऊ-दहा वर्षं नेटाने चाललेला संगणक असेल, तर तो धडधाकट असूनही विंडोज ११ बहुधा त्याला स्वीकारणार नाही. २०१७ च्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. मग कुणीतरी जाणता सुचवतो, विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली टाका. समोरचा विचारतो, मला जमेल का?

हा प्रश्न लिनक्स घडवणाऱ्यांना पहिल्यापासून सतावतो आहे. लिनक्सचे अनेक अवतार आहेत. त्यांतल्या १९९३ च्या डेबियनच्या पायावर २००४ मध्ये उबुंटू उभी राहिली ती नवख्यांना सोपी जावी म्हणूनच. उलट २००२ ची आर्च तुम्हाला काळ्या पडद्यासमोर बसवते आणि जे हवं ते स्वतः जोडून घ्या म्हणते. सोपेपणा आणि ताबा यांतलं एकच मिळणार, असं यावरून वाटतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण रायगड जिल्ह्यात सापडतं.

२००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ची ही योजना केंद्र सरकारने आदल्याच वर्षी नाकारली होती. त्यातली शुगर प्रणाली पहिल्यांदाच संगणक हाताळणाऱ्या मुलांसाठी घडवलेली. चित्रावर क्लिक केलं की काम सुरू, आणि केलेलं काम ‘जर्नल’मध्ये आपोआप जपलेलं. फाइल कुठे ठेवली हे आठवायची गरजच नाही.

पण याच शुगरखाली पूर्ण फेडोरा लिनक्स होती. टर्मिनल, म्हणजे लिहून आज्ञा देण्याची खिडकी, चित्रकलेच्या शेजारीच मांडलेलं होतं. कळफलकावर दातेरी चाकाचं चित्र असलेली एक कळ होती. ती दाबली की चालू कार्यक्रमाचा कोड समोर यावा, अशी कल्पना. सुरुवातीला मोजक्याच कार्यक्रमांत ती चालायची. पुढे मात्र कार्यक्रमाची प्रत काढून ती बदलण्याचीही सोय झाली आणि मोठ्या मुलांना शुगरमधून ग्नोम डेस्कटॉपवर जाता येऊ लागलं. चोरी रोखण्यासाठी यंत्राला कुलूप होतं, पण मागितल्यास ‘डेव्हलपर की’ मिळायची.

योजना जगभर फारशी फळली नाही. तरी ही मांडणी मला आजही सर्वांत शहाणी वाटते. तिने मुलांपासून काहीच दडवलं नाही, फक्त क्रम लावून दिला. पर्यायच काढून टाकणं हा सोपेपणाचा आळशी मार्ग आहे. त्याने नवखा कायम नवखाच राहतो.

उबुंटूत हाच विचार ‘सुडो’च्या रूपात आहे. रोजचं काम साध्या अधिकारांवर चालतं, प्रणालीत बदल करायचा असेल तरच पासवर्ड विचारला जातो. चुकून प्रणाली सहसा मोडत नाही आणि ताबाही मालकाचाच राहतो. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता चालवून पाहता येते. ‘टाइमशिफ्ट’ने प्रणालीची आजची स्थिती टिपून ठेवली की प्रयोग फसला तरी मागे येता येतं. नवख्याला धीर देणारी आणि खोडकराला मोकळं सोडणारी याहून चांगली सोय मला माहीत नाही. पुढची पायरी चढायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे लिनक्सवरचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत.

आष्टीतल्या शाळेने किंवा घरच्यांनी लिनक्स टाकून घेताना एवढं मात्र जरूर पाहावं: टाकून देणाऱ्याने पासवर्ड स्वतःपाशी ठेवलेला नसावा. तो मालकाच्या वहीत लिहून घ्यावा आणि टर्मिनल कुठे आहे, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावं.