काटा खोटा की नळी बंद?

दाराच्या चौकटीत, स्विचबोर्डाच्या भोकात मातीची घरं करणारी कुंभारीण माशी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. चिखलाची गोळी आणायची, भोक लिंपायचं, आत कोळी नाहीतर अळी भरून ठेवायची, अंडं घालायचं आणि तोंड बंद करून निघून जायचं. हीच माशी विमानाला घातक ठरू शकते. कशी, ते आज सांगतो.

भिवंडीवरून मुंबईकडे जाणारी विमानं आपण पाहतो. विमानाला चाकावरून वेग मोजता येत नाही, चाकं तर हवेत असतात. म्हणून पंखाखाली किंवा नाकाजवळ एक बारीक नळी समोर तोंड करून बसवलेली असते. तिला पिटो नळी म्हणतात. आंरी पिटो या फ्रेंच माणसाने १७३२ साली पॅरिसच्या सीन नदीत काटकोनात वाकवलेली नळी धरून पाण्याचा वेग मोजला, त्याचं हे नाव. उन्हाळ्यात वज्रेश्वरीला तानसा नदीवर गेलात तर करून बघा. (पावसाळ्यात मुळीच नको.) वाकवलेल्या पारदर्शक नळीचं खालचं तोंड वाहत्या पाण्याकडे करा, दुसरं टोक वर उभं ठेवा. पाणी सेकंदाला एक मीटर धावत असेल तर ते नळीत बाहेरच्या पातळीपेक्षा सुमारे ५ सेंटीमीटर वर चढेल. वेग दुप्पट झाला की चढ चौपट, म्हणजे २० सेंटीमीटर.

हवेचंही तसंच, पण हवा हलकी. ताशी १८० किलोमीटर वेगाला तिचा जोर साधारण १६ सेंटीमीटर पाणी उचलण्याइतका असतो. ताशी ९० ला जेमतेम ४ सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटं पाणी. आता यातली गोम पाहा. शिकाऊ वैमानिक वापरतात ते सेसना १७२ हे चार जणांचं छोटं विमान ताशी सुमारे ९० किलोमीटरच्या खाली गेलं की पंखांची पकड सुटायला लागते. म्हणजे जिथे जीव टांगणीला असतो तिथेच मोजायचा जोर अगदी किरकोळ असतो. नळीत पाण्याचा एक थेंब अडकला किंवा सांध्यातून जराशी हवा निसटली, तरी काटा फसवतो.

नुसत्या पिटो नळीने भागत नाही. समोरून येणारा जोर आणि भोवतालच्या हवेचा दाब यांतला फरक काढावा लागतो. त्यासाठी विमानाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, त्याला स्टॅटिक म्हणतात. त्या एका भोकावर तीन घड्याळं चालतात: वेगाचं, उंचीचं आणि चढ-उताराचं. पिटो नळी मात्र एकट्या वेगाच्या घड्याळाला जाते.

दोष शोधायची किल्ली इथेच आहे. घरात एकाच खोलीतला दिवा गेला तर आपण बल्ब बघतो, सगळं घर अंधारलं तर मेन स्विच बघतो. वेगाचा काटा एकटाच चुकत असेल तर पिटोच्या बाजूला शोधायचं. उंचीचा काटा एका जागी थिजला, चढ-उताराचा शून्यावर बसला आणि वेगही वर चढताना कमी, खाली येताना जास्त दिसू लागला, तर स्टॅटिकचं भोक बुजलंय. पिटो आणि तिचं पाणी निथळायचं भोक दोन्ही बंद झालं तर आणखी विचित्र प्रकार होतो. जुना जोर नळीत कोंडून राहतो आणि विमान जसं वर चढेल तसा वेगाचा काटाही चढत जातो. वैमानिकाला वाटतं, फार जोरात चाललोय. तो नाक वर करतो आणि खरा वेग आणखी कमी होतो.

६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिक या देशात हेच घडलं. बोईंग ७५७ विमान जवळजवळ तीन आठवडे उभं होतं आणि त्यातला काही काळ नळ्यांवर टोपण नव्हतं. धावपट्टीवर धावतानाच कॅप्टनच्या लक्षात आलं की आपला काटा चालत नाही, तरी उड्डाण झालं. सहवैमानिकाचा काटा वेग घसरतोय असं दाखवत होता, कॅप्टनचा वाढतोय असं. विमान समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. नळ्या समुद्रातून मिळाल्या नाहीत, पण तपास करणाऱ्यांचा संशय कुंभारीण माशीवरच होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेरू देशात विमान धुताना स्टॅटिकच्या भोकांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली. ७० जण गेले.

आपल्या जवळचं उदाहरण वेगाचं नाही, पण प्रश्न तोच. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' मुंबईहून दुबईला निघालं आणि काही क्षणांत वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ जीव गेले. विमान किती कललंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण उजवीकडे कललेलं अडकून बसलं होतं, म्हणून त्याने विमान डावीकडे वळवत नेलं. सहवैमानिकासमोरचं उपकरण ठीक होतं, मधलं तिसरंही ठीक होतं. बाहेर अंधार होता. दोन घड्याळं भांडायला लागली तर तिसऱ्याला विचारायचं, हे सांगायला सोपं आहे. तिथे त्यांच्याकडे मोजके सेकंद होते.

जमिनीवर मात्र वेळ असतो. काटा चुकतोय म्हटल्यावर घड्याळ बदलायची घाई करायची नाही, कारण दोष बहुतेकदा नळीत, सांध्यात नाहीतर तोंडाशी निघतो. विमानाचा परवानाधारक अभियंता आधी तोंडात माती, किडा, पाणी आहे का बघतो, मग रबरी नळ्यांना चिरा शोधतो. नंतर गवंड्याच्या लेव्हल पाईपसारखी पाण्याची नळी जोडून हळूहळू दाब देतो: पाणी १६ सेंटीमीटर चढलं की काटा १८० च्या आसपास हवा. दाब कोंडून ठेवल्यावर काटा घसरत गेला तर कुठेतरी गळती आहे. आपण शेगडीच्या बर्नरमध्ये फुंकर मारतो तशी इथे मारलेली चालत नाही. घड्याळ जोडलेलं असताना नळीत फुंकलं तर आतली पातळ पत्र्याची डबी बिघडते.

मोबाइलसारख्या जीपीएसशी ताडून बघतात तेव्हाही सांभाळावं लागतं. खाडीत भरतीबरोबर होडी झपकन जाते, उलट रेटताना रखडते. वल्ह्यांचा जोर मात्र तोच असतो. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो, पिटो हवेतला. म्हणून काटा एका आकड्यावर धरून पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असं उडायचं आणि जीपीएसच्या चार आकड्यांची सरासरी काढायची. शिवाय उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे दर हजार फुटांना काटा सुमारे दोन टक्के कमी दाखवतो. तो दोष नव्हे. त्याचा हिशेब धरूनही फरक उरला तरच बिघाड म्हणायचा.

बारामती, गोंदिया, नागपूर इथे आपल्या मुलीही विमान चालवायला शिकतात. उड्डाणाआधी त्या विमानाभोवती पायी फेरी मारतात, नळीवरचं लाल फितीचं टोपण काढतात, तोंडात डोकावतात. धावपट्टीवर वेग घेताना पहिल्या काही सेकंदांत नजर काट्यावर टाकतात. काटा हलला नाही तर तिथेच ब्रेक लावून परत फिरतात.