मोहरी मिळेल, पण…

फोडणीच्या डब्यात मोहरी नाही असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. पण ज्या घरातलं कुणीच कधी गेलेलं नाही, असं घर सापडेल?

अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्तीतल्या किसा गोतमीने असंच घर शोधलं होतं. तिचं चालायला लागलेलं बाळ गेलं. ते तिला पटेचना. त्याला कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली. लोक वेडी म्हणू लागले. शेवटी ती भगवान बुद्धांकडे आली. त्यांनी सांगितलं, "मोहरी घेऊन ये, पण जिथे कधीच कुणी मेलेलं नाही अशा घरातली." मोहरी सगळीकडे मिळाली, तसं घर मात्र मिळालं नाही.

'मरण कुणाला चुकलंय?' हे या गोष्टीचं तात्पर्य आपण शाळेपासून ऐकतो. काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा तरणाताठा मुलगा अपघातात गेला. मी भेटायला गेले आणि धीर द्यायचा म्हणून हीच गोष्ट सांगितली. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेल्या. पुढे चार महिने त्या गटात आल्याच नाहीत.

नंतर माझी आई गेली. "वय झालं होतंच", "सुटल्या बिचाऱ्या", "सगळ्यांनाच जायचंय." बोलणं खोटं नव्हतं, पण काळजाला लागत होतं. त्याच ताई एके दुपारी आल्या. स्वतःच चहा टाकला, शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आईंच्या हातचं काय आवडायचं हो तुम्हाला?" त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

मग ती गोष्ट मला नव्याने कळली. बुद्धांनी गोतमीला आधी उपदेश केलाच नाही, घरोघरी पाठवलं. कुण्या दारात मुलगा गेलेला, कुठे नवरा, कुठे आई. इतरांचं ऐकता ऐकता तिला आपलं दुःख उमगलं आणि तिनेच बाळाला स्मशानात नेलं. पुढे ती भिक्षुणी झाली.

पटाचाराचं दुःख तर त्याहून मोठं. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही मुलं नदी ओलांडताना गेली, माहेरचं घर वादळात कोसळून आई-वडील आणि भाऊही गेले. भान हरपलेल्या या बाईलाही भिक्षुणी संघाने आपलं म्हटलं. पुढे मुलं गमावलेल्या कित्येक आयांना तिनेच सावरलं. अशा भिक्षुणींचे अनुभव 'थेरीगाथा' या पाली ग्रंथात आहेत. पाय धुताना ओघळणारं पाणी बघता बघता पटाचाराचं मन स्थिर झालं, असं त्यात आहे.

ध्यान म्हणजे तरी काय? जे होतंय ते शांतपणे बघणं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना शिबिरं होतात. दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे तीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास बघायचा. मौन असतं, फी नसते. मात्र दुःख अगदी ताजं असेल किंवा मनाचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि अर्जात काही लपवू नये. घरी रोज दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष देणं मात्र बहुतेकींना जमण्यासारखं आहे. मी दुपारची भांडी आवरली की बसते. आईची आठवण येते, डोळे भरतात. येऊ देते. थोड्या वेळाने श्वास पुन्हा संथ होतो.

त्या ताईंची मी मागाहून माफी मागितली. त्या हसल्या नि म्हणाल्या, "त्याच्याबद्दल विचारा ना काहीतरी. कुणी त्याचं नावच घेत नाही आता."

तेव्हा, कुणाकडे भेटायला जाल तर तात्पर्य घरी ठेवून जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या आणि ऐकत बसा.