दोन घरांचे गाव : कफरसघाब आणि त्याचे स्थलांतरित

स्थलांतराचा अभ्यास करताना ‘मूळ गाव’ ही एक अचल वस्तू आहे, असे आपण सहसा गृहीत धरतो. उत्तर लेबनॉनच्या झघर्ता जिल्ह्यातील कफरसघाब हे मॅरोनाइट शेतकऱ्यांचे लहानसे गाव या गृहीतकाचा फेरविचार करावयास लावते. मॅरोनाइट हा पोपचे प्रमुखत्व मानणारा, परंतु सिरियाक परंपरेची उपासनापद्धती जपणारा ख्रिस्ती संप्रदाय होय.

कादीशा दरीच्या परिसरात, सुमारे १,४०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. तेथील हिवाळा कडक असल्याने ग्रामस्थ परंपरेने उन्हाळा डोंगरावर आणि हिवाळा सखल भागातील म्रह कफरसघाब या दुसऱ्या वस्तीत, ऑलिव्हच्या बागांजवळ, घालवीत. गाव म्हणजे एक जागा नव्हे, तर दोन जागी वावरणारा एकच समाज, हा अनुभव परदेशगमनापूर्वीचाच होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेबनॉन पर्वतातील शेतकरी रेशमाच्या उत्पन्नावर फार विसंबून होते. पूर्व आशियाई रेशमाच्या स्पर्धेने भाव घसरले आणि परदेशगमनास वेग आला. पुढे १९१५ ते १९१८ च्या दुष्काळात पर्वतातील सुमारे एक तृतीयांश लोक दगावले, असा अंदाज आहे. कफरसघाबची कुटुंबे पेन्सिल्व्हेनियातील ईस्टन आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे स्थिरावली. सिडनीच्या रेडफर्न भागात १८९७ मध्ये मॅरोनाइट चर्च उभे राहिले होते. तेथील लेबनीज घाऊक व्यापारी नवागतांना फेरीविक्रीसाठी माल पुरवीत. आधी गेलेल्याने मागच्या आप्तांस बोलवावे, अशी साखळी निर्माण झाली.

या संबंधाला कायद्याचीही एक बाजू आहे. लेबनॉनमध्ये नागरिकाची नोंद त्याच्या निवासस्थानी नव्हे, तर पितृकुलाच्या गावी असते, आणि मतदानही त्या नोंदीनुसारच होते. १९३२ नंतर तेथे अधिकृत जनगणना झालेली नाही. परिणामी परदेशी जन्मलेला नातू नोंद झाल्यास गावचा मतदार ठरतो. परंतु परदेशी नागरिकाशी विवाह केलेल्या कन्येची मुले, कितीही आपुलकीने गावी आली तरी, नोंदीबाहेर राहतात, कारण नागरिकत्व पित्याकडूनच प्राप्त होते.

तात्पर्य, अशा गावाची लोकसंख्या किती, हा प्रश्न केवळ मोजणीचा नाही. गावात राहणारे, नोंदवहीतील आणि स्वतःस गावचे म्हणविणारे हे तीन भिन्न समूह होत. संशोधकाने यांपैकी कोणता समूह मोजला, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. अन्यथा ‘ओस पडलेले गाव’ आणि ‘विस्तारलेले गाव’ हे दोन्ही निष्कर्ष एकाच गावाविषयी सारख्याच सहजतेने काढता येतील.