गंज आतून खातो. गाडीच्या दाराखालची भोकं आधी बघा

पावसाळा संपला की आपण गाडी बाहेरून धुतो. पण पत्र्याला गंज आतून लागतो. माझ्या पिकअपच्या दाराला खाली बारीक फोड आला होता. रंग उडतोय म्हणून सोडून दिलं. पुढच्या वर्षी बोट दाबलं तर पत्राच आत गेला.

कारण साधं आहे. काचेच्या कडेने पाणी दाराच्या पोकळीत उतरतं. ते निघून जायला दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. चिखलाने ती बुजली की पाणी आतच साचतं. त्यात खत सांडलेलं असेल तर गंज लवकर धरतो.

मग करायचं काय? तारेने भोकं मोकळी करा. दाराचं आतलं कव्हर काढून चिखल धुवा. दाराला वायरिंग किंवा एअरबॅग असेल तर कव्हर मेकॅनिककडूनच काढून घ्या. दोन दिवस चांगलं सुकू द्या. हात पोचतो तिथला सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा. हात पोचत नाही तिथे लांब नळीच्या स्प्रेने कॅव्हिटी वॅक्स मारा. ओल असताना मारू नका, ती आतच कोंडते. शेवटी भोकं पुन्हा तपासा.

जुनं इंजिन ऑइल ओतू नका. रबर फुगतं, तेल खाली ठिबकतं.

पत्रा दाबल्यावर आत जात असेल तर वॅक्सचा उपयोग नाही. तो कापून नवा वेल्डिंग करावा लागतो. वॅक्स त्यानंतरच मारा, नाहीतर ठिणगीने पेट घेईल.

भोकात तार घालायला मात्र एक रुपया लागत नाही.