टोळांचे रासायनिक कवच

कीटकाच्या शरीरावरील अगदी बाहेरचे आवरण म्हणजे मेणासारख्या पदार्थांचा एक अत्यंत पातळ थर होय. शरीरातील पाणी उडून जाऊ न देणे, हे त्याचे मुख्य कार्य. परंतु शत्रूची पहिली गाठ पडते ती याच पृष्ठभागाशी, आणि त्याला परतवून लावणारी द्रव्ये अनेक कीटकांनी येथेच बाळगलेली आढळतात. कोबीवर पडणाऱ्या लहान पांढऱ्या फुलपाखराच्या अळीच्या केसांच्या टोकांवर तेलकट द्रवाचे बारीक थेंब असतात. या द्रवाचा स्पर्श होताच मुंगी मागे सरते व आपले अंग पुसू लागते.

कीटकांना भय असते ते केवळ परक्यांचे नव्हे. शेतकऱ्यांचा मित्र म्हणून ओळखला जाणारा ढालकिडा मावा दुर्मिळ झाला की स्वजातीयांची अंडीही खातो. दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या अंड्यांवर अल्केन वर्गातील हायड्रोकार्बनांचा लेप असतो व त्यामुळे भक्षक काही प्रमाणात परावृत्त होतात.

स्वजातिभक्षणाचा धोका सर्वांत तीव्र होतो तो टोळांच्या समूहात. टोळ एकेकटे राहतात तोपर्यंत त्यांचा परस्परांशी फारसा संबंध येत नाही. परंतु दाटी वाढली की त्यांचा रंग व वर्तन पालटते आणि ते थव्याने राहू लागतात. अशा थव्यात खाद्य अपुरे पडते, आणि प्रथिनांचा सर्वांत जवळचा साठा म्हणजे शेजारचा टोळ! वाळवंटी टोळांची पिले एकामागून एक कूच करीत पुढे जातात, त्यामागे मागच्याने चावा घेण्याची भीती हे एक कारण असल्याचे २००८ साली दाखवून देण्यात आले.

असे असता थवा स्वतःलाच खाऊन संपत का नाही? या प्रश्नाचे एक उत्तर चीनमधील शास्त्रज्ञांना प्रवासी टोळ या जातीत सापडले. थव्यात राहणारे हे टोळ फिनाइल ॲसिटोनायट्राइल नावाचे उडनशील द्रव्य अंगाबाहेर सोडतात. एकेकट्या टोळांत ते फारसे आढळत नाही. फिनाइलॲलॅनिन या ॲमिनो आम्लापासून ते शरीरातच तयार होते. मेणाचा थर अंगाला चिकटून राहतो, हे द्रव्य मात्र हवेत पसरते. त्यामुळे शत्रूला इशारा मिळण्यास स्पर्शाची गरज उरत नाही. इशारा पोकळही नाही. पक्ष्याने हल्ला केल्यास टोळाच्या शरीरात याच द्रव्यापासून हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष बनते. ग्रेट टिट नावाच्या लहान पक्ष्यावर केलेल्या प्रयोगांत हे द्रव्य नसलेले टोळ त्याने अधिक पसंत केले, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

पक्ष्यांना दूर ठेवणारे हे द्रव्य भाऊबंदांनाही दूर ठेवते, हे २०२३ साली स्पष्ट झाले. प्रथम ज्या जनुकामुळे हे द्रव्य बनते ते निकामी करण्यात आले. असे टोळ इतरांच्या भक्ष्यस्थानी अधिक पडू लागले. मग शृंगिकांमधील ज्या ग्राहीमुळे टोळाला हा वास कळतो, तो ग्राही नसलेले टोळ तयार करण्यात आले. ते स्वजातीयांना अधिक खाऊ लागले. हा दुसरा प्रयोग विशेष महत्त्वाचा म्हटला पाहिजे. कारण खाणाऱ्याला रोखतो तो वासच, हे त्यामुळेच निःसंशय ठरले.

या वासात अडथळा आणून टोळांना आवरता येईल, अशी कल्पना मांडली जाते. प्रयोगशाळेतील पिंजरा आणि मैलोगणती पसरलेला थवा यांत पुष्कळच अंतर आहे. शिवाय टोळांची प्रत्येक जात निराळी. मे २०२० मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून विदर्भापर्यंत आलेली धाड वाळवंटी टोळांची होती. या जातीतही फिनाइल ॲसिटोनायट्राइल असते, पण तेथे ते प्रौढ नर सोडतात, आणि त्याचा उपयोग समागमाच्या वेळी इतर नरांना मादीपासून दूर ठेवण्यासाठी होतो.