खेळणं खेळतं, की मूल खेळतं?



आज मी कर्ज, हप्ता, बँक यांतलं काही सांगणार नाही. म्हणजे सुरुवात कर्जापासूनच आहे, पण विषय आहे एक ते तीन वर्षांच्या मुलांचा. त्यांना कोणती खेळणी द्यावीत, पुस्तकं कसली, कपडे कसे, आणि दिवसभर त्यांच्याशी खेळायचं तरी काय.

गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं मासिक बैठकीत चार हजार रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. बाळाचा पहिला वाढदिवस होता आणि तिला बॅटरीची गाडी घ्यायची होती. नोंदवहीत कारण लिहावं लागतं, म्हणून मी 'घरखर्च' असं लिहिलं. गाडी आली. लाल रंगाची, दिवे लागणारी, गाणी म्हणणारी. सगळ्या आळीनं ती पाहिली. बाळ मात्र गाणं सुरू झालं की रडायचं. ज्या खोक्यातून गाडी आली, त्या खोक्यात बसायचं, बाहेर यायचं, पुन्हा बसायचं, यात त्याचा दिवस जायचा. दोन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले तर गाडीच्या सीटवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि बाळ स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं काढून पसरत बसलेलं. आम्ही दोघी खूप हसलो. पण हप्ते अजून आठ राहिले होते.

तिला विचारूनच मी हे सांगते आहे. आपल्याला जे मिळालं नाही ते लेकराला मिळावं, असं कुणाला वाटत नाही? पण त्या दिवसापासून आम्ही एक प्रश्न धरून ठेवला आहे. कोणतीही वस्तू घेताना विचारायचं, यात मूल काय करणार आहे आणि वस्तू काय करणार आहे? वस्तूच गाणार, वस्तूच पळणार, वस्तूच दिवे लावणार असेल, तर मुलाला नुसतं बघत बसावं लागतं. आणि या वयाच्या मुलाला बघत बसायचं नसतं.

या वयात मुलांची काही कामं ठरलेली असतात. भरायचं आणि ओतायचं. आत घालायचं आणि बाहेर काढायचं. ढकलायचं, ओढायचं, चढायचं, टाकायचं. चमचा दहा वेळा खाली टाकून तो आपल्या तोंडाकडे बघतो, ती खोडी नसते. वस्तू पडते, आवाज होतो आणि आई ती उचलून देते, हे तिन्ही दर वेळी होतं का, याची तो खात्री करून घेत असतो. दीड वर्षाच्या पुढे रिकामा कप तोंडाला लावून चहा प्यायचं सोंग सुरू होतं, बाहुलीला भरवणं सुरू होतं. मुलांना आवडती खेळणी कोणती, याचं उत्तर या कामांतच आहे.

म्हणून पहिलं खेळणं स्वयंपाकघरातलं. दोन-तीन वाट्या, एक डबा, त्याचं झाकण, लाकडी पळी. एकात एक बसणारे डबे असले तर फारच उत्तम. सुताराकडचे लाकडाचे उरलेले तुकडे घासून गुळगुळीत केले की ठोकळे तयार. रंग देऊ नका, कारण ते तोंडात जाणार. एक मऊ चेंडू. एक चिंध्यांची बाहुली. आणि भातुकली, मुलालाही आणि मुलीलाही. मुलगा भातुकली खेळला म्हणून काही बिघडत नाही. पुढे दोन भांडी घासायला शिकला तर सुनेचं भलंच होईल.

आपल्याकडचा जुना पांगुळगाडा आठवतो का? तीन चाकांचा, लाकडी. मूल उभं राहून तो ढकलतं. तोल ते सांभाळतं, जोर ते लावतं. आता त्याच्या जागी प्लॅस्टिकचा गोल वॉकर आला, त्यात मूल बसतं आणि पाय मारलं की गाडी सुसाट सुटते. त्यामुळे चालणं लवकर येत नाही. शिवाय असा वॉकर पायऱ्यांवरून गडगडतो, चुलीपाशी, गरम पाण्यापाशी पोहोचतो. कॅनडा देशानं तर 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. पैसे घालायचेच असतील तर पांगुळगाड्यात घाला, आणि तो वापरतानाही कुणीतरी मागे राहा. सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कधी तिकडे गेलात तर मोठ्या आकाराचं, गुळगुळीत एखादं खेळणं आणा. मूल मोठं झालं तरी ते धाकट्याला होतं.

आता आमची एक चूक सांगते. आमच्या गटानं शिवणकामाच्या चिंध्यांच्या बाहुल्या करून तालुक्याच्या प्रदर्शनात विकायला ठेवल्या होत्या. डोळ्यांना शर्टाची काळी बटणं लावली होती. दिसायला फार गोड. आमच्याच एका सभासदाच्या दीड वर्षाच्या मुलीनं एक बटण चावून काढलं. तिच्या आजीचं लक्ष होतं म्हणून ते गालातच सापडलं. त्या संध्याकाळी आम्ही उरलेल्या सगळ्या बाहुल्यांची बटणं उसवली आणि दोऱ्यानं डोळे भरले. विकल्या गेलेल्या बाहुल्यांपैकी ज्या घरांची ओळख होती, तिथे जाऊन बदलून दिल्या. ज्यांची ओळख नव्हती त्यांची काळजी आजही मनात आहे. खेळणी करून विकायचा विचार असलेल्या गटांनी हे ऐकून ठेवा. 1 जानेवारी 2021 पासून बाजारात विकायच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. विक्रीला बसण्याआधी नियम नीट विचारून घ्या. आम्ही विचारला नव्हता.

घरी मात्र एक सोपी परीक्षा करा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा. त्या गोलातून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती नको. बटण, मणी, चिंचोके, सागरगोटे, काचेच्या गोट्या, शेंगदाणे, फुटाणे, सगळं त्यात आलं. फुगाही नको; फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चिकटतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाण्यासारखी चपटी बॅटरी, जी गाणाऱ्या खेळण्यांत, रिमोटमध्ये, घड्याळात असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ज्या खेळण्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही, ते मुलाला देऊच नका.

आता पुस्तकं. एवढ्या लहान मुलाला पुस्तक कशाला, तो फाडणारच, असं सगळ्या म्हणतात. खरं आहे, फाडतो आणि चावतोही. म्हणून पहिलं पुस्तक जाड पुठ्ठ्याचं नाहीतर कापडाचं असावं. कापडाचं पुस्तक आपण घरी करू शकतो. सुती कापडाचे वीतभर लांब-रुंद सहा तुकडे घ्या, कडा दुमडून शिवा, मधून एकत्र टाचा. प्रत्येक पानावर एकच गोष्ट. एका पानावर शेळी, एकावर चंद्र. एका पानावर खिसा, त्यात कापडाची गोल भाकरी; ती काढायची आणि परत ठेवायची. एका पानावर दोऱ्याची घट्ट शिवलेली छोटी वेणी. बटण आणि टिकली कुठेही लावायची नाही, हे आता वेगळं सांगायला नको. मळलं की साबणानं धुवा. दुसरं पुस्तक म्हणजे घरच्या माणसांच्या फोटोंचा जुना अल्बम. मुलांना त्याच्याइतकं आवडणारं पुस्तक मी पाहिलेलं नाही. थोडं मोठं झालं, पानं उलटता यायला लागली की माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आणा. आपल्याच घरातली माणसं त्यात भेटतात. तेव्हा मात्र जवळ बसून पानं उलटायला शिकवा.

आमच्या गटात एक आजी आहेत. नोंदवहीत अंगठा उठवतात. नातवाला पुस्तक दाखवा म्हटलं तर म्हणाल्या, "बाई, मला कुठं वाचता येतं?" मी त्यांना शेळीचं पान उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवलं आणि सुरू झाल्या. ही आपली शेळी, हिला काल करडू झालं, ती पाला खाते, ती कशी ओरडते? नातवानं ओरडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन आईकडे गेला नाही, आजीकडे गेला. या वयात पुस्तक म्हणजे कुणाच्या तरी मांडीवर बसून बोट ठेवायचं आणि बोलायचं. त्याला शाळा शिकलेली असावीच लागते असं नाही. तेच पान वीस वेळा मागितलं तर वीस वेळा दाखवा. पुढचं काय ते आधीच माहीत असण्यातच त्याला मजा वाटते.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. बारशाला, लग्नाला आपण मुलीला टोचणारा जाळीचा फ्रॉक घालतो, मुलाला जाड शेरवानी घालतो, आणि मग दिवसभर त्यांना म्हणतो, बसू नको, मळवू नको, पळू नको. फोटो निघतो, पण मुलाचा दिवस वाया जातो. रोजचे कपडे सुती, धुऊन मऊ झालेले, थोडे सैल हवेत. मोठ्या भावंडांचे उतरलेले असतील तर सर्वांत छान. गळा रुंद, कमरेला सैल इलॅस्टिक, म्हणजे दोन वर्षांचं मूल चड्डी स्वतः खाली ओढायला शिकतं. मुलं आधी काढायला शिकतात आणि मग घालायला. टोपी, मोजे, मग चड्डी. त्याला पाच मिनिटं लागली तर लागू द्या. गळ्यापाशी नाडी नको, ती खिळ्याला, कडीला अडकते. काळा दोरा, ताईत बांधायचा असेल तर गळ्यात नको. घरात, अंगणात जागा स्वच्छ असेल तर अनवाणी चालू द्या. जमीन पायाला कळली की तोल लवकर सापडतो. आणि आईच्या जुन्या साडीचा तुकडा किंवा फाटकी गोधडी घेऊन मूल हिंडत असेल तर ती हिसकावू नका. त्याला तिच्यात आईचा वास येतो. धुवायची असेल तर झोपल्यावर धुवा.

राहिला प्रश्न वेळेचा. आपण सगळ्या कामाच्या बायका. मुलाशी खेळायला वेगळा तास कुठून काढणार? काढू नका. आपल्या कामातच त्याला वाटा द्या. कणीक मळताना एक गोळा त्याच्या हातात. कांदे-बटाटे वेगळे करायला. धुतलेल्या कपड्यांतून बाबांचा शर्ट शोधायला. छोटी केरसुणी अंगण झाडायला. ताटात दोन पेले आणि थोडं पाणी, ओतायला. पाण्याचा खेळ मात्र तुम्ही समोर असतानाच. बादलीतल्या वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. आणि हे सगळं करताना बोलत राहा. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा परदेशी महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्याच वस्तू वापरल्या. त्यांच्याकडे अडीच वर्षांपुढची मुलं असायची. आपल्या त्याहून लहान मुलांना बिया नकोत, पण मोठी पानं चालतील. तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी केंद्र सरकारनं 2024 मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा केला आहे. घरी करायचे खेळ आपल्या अंगणवाडीताईला जरूर विचारा.

शेवटी मोबाईल. इथे मी दुसऱ्या कुणाचं उदाहरण देणार नाही. माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा असताना गटांचे हिशोब पूर्ण करायला मी त्याच्या हाती मोबाईल द्यायचे. काम भराभर व्हायचं. मग त्याशिवाय तो जेवेना. घास तोंडात, डोळे मोबाईलवर, आणि मी समोर असून नसल्यासारखी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, कमी तर चांगलंच. मी बंद केला तेव्हा पहिले चार दिवस घरात नुसता आरडाओरडा. पाचव्या दिवशी मी हिशोब लिहायला बसले तेव्हा त्याला एक जुनी वही आणि जाड खडू दिला. तो शेजारी बसून रेघा मारू लागला. त्या महिन्याच्या माझ्या खतावणीच्या एका पानावर त्याचीही एक जांभळी रेघ आहे. लेखापरीक्षणाला आलेल्या ताईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, ही सहसंयोजकाची सही.

आता आमच्या बैठकीत एक पोतं येतं. त्यात डबे, ठोकळे, चेंडू, कापडी पुस्तकं. आया पैसे मोजतात तोवर मुलं मध्यभागी खेळतात, आणि ज्याला जे आवडेल ते महिनाभर घरी नेतात, पुढच्या बैठकीत परत आणतात. नोंद ठेवतो, हप्ता नाही. वाढदिवसासाठी कर्ज आजही मागता येतं, फक्त तो प्रश्न सगळ्या मिळून विचारतो. बॅटरीच्या गाडीचं कर्ज गेल्या महिन्यात फिटलं. खोकं केव्हाच फाटलं, पण बाळानं आता नवीन खोकं शोधलंय, आमच्या पोत्यातलं.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी स्वयंपाक करताना खालच्या फळीवरचे दोन डबे मुलाच्या हाताशी ठेवून बघा. काय होतं ते आम्हाला जरूर कळवा.