लाकडाला पाणी पाहिजे

सासूबाईंची काठवट तीन वर्षं माळ्यावर पडून होती. परवा भाकरीसाठी खाली काढली, तर बुडाला ही एवढी भेग! मला एकदम वैनगंगेकाठचे ढिवर आजोबा आठवले.

यजमानांची बदली गडचिरोलीला होती तेव्हाची गोष्ट. हा जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. पश्चिमेला वैनगंगा नि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आग्नेयेला इंद्रावती. पूल झाले, तरी काठच्या कितीतरी गावांना पलीकडं जायचा जवळचा मार्ग म्हणजे डोंगा. एका अख्ख्या खोडातून कोरलेली होडी! आपली काठवटच म्हणा ना, फक्त माणसं मावतील एवढी लांब.

आजोबा वडिलांच्या वेळचा डोंगा दुरुस्त करत होते. "लाकडाले पानी पायजे, बाई. सुकलं का फाटते." म्हणून उन्हाळ्यात काम नसलं की ते डोंगा चक्क पाण्यात बुडवून ठेवत. यंदा तो उन्हात राहिला आणि तडकला. त्यांनी भेगेतलं जुनं डांबर खरवडून काढलं, डांबरात भिजवलेल्या चिंध्या बोथट पटाशीनं ठासून बसवल्या आणि वरून पत्र्याची पट्टी ठोकली. पण त्याआधी सगळीकडं चाकूचं टोक खुपसून पाहिलं. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलं; मग ठिगळाचा उपयोग नाही. नंतर रात्रभर डोंगा उथळ पाण्यात ठेवायचा नि सकाळी आत पाणी किती आलं ते बघायचं.

नातवाला मात्र घाई. त्यानं टीव्हीवर केरळातली नेहरू ट्रॉफी पाहिलेली. आलप्पुझाला 1952 पासून चाललेली ती सर्पनौकांची शर्यत, एकेका नावेत शंभरावर वल्हेकरी! (आपल्या पुण्यातही अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रेगाटा 1928 पासून होतो, हे किती जणींना ठाऊक आहे?) नातवानं शेजारच्या पोराशी पैज लावली. आजोबांनी परवानगी दिली, पण डोंगे रिकामे हवेत, सवारी एकही नको. दोघं निघाले. आमचा गडी मधेच जोशात उभा राहिला आणि डोंग्यासकट पालथा! पोहता येत होतं म्हणून हसण्यावारी गेलं.

जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात त्याच वैनगंगेत नाव उलटली तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मिरची तोडायला पलीकडं निघालेल्या सहा बायकांचा जीव गेला. जानेवारी म्हणजे पुराचे दिवसही नव्हेत. सकाळी डबा घेऊन मजुरीला निघालेल्या बाया! बातमी वाचून दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

तुमच्यापैकी कुणी यात्रेला, माहेरी नावेनं जात असाल तर आजोबांचं सांगणं ऐका. नाव भरली असेल तर पुढच्या खेपेची वाट पाहा. चढताना पाय मधोमध टाका, आणि तळाशीच बसा. पदर खोचून घ्या. मूल मांडीवर असलं तरी त्याला साडीनं स्वतःशी बांधू नका. पलीकडचा काठ आला की सगळ्या एकदम उठतात, तेवढं तर मुळीच करू नका. तरंगतं जाकीट असेल तर लाज न बाळगता घाला.

काठवटीत मी रात्रभर पाणी भरून ठेवलं. सकाळी भेग निम्मी मिटली होती. मग सुरीचं टोक लावून पाहिलं, तर ते अलगद आत गेलं. आता तीत कांदे-बटाटे ठेवले आहेत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.